शाळा अंगणात येते

मूल सहा वर्षांचे झाले म्हणजे त्याचे शिक्षण सुरू होते, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. शरीरशास्त्राची साक्ष मात्र निराळी आहे. जन्मसमयी मानवी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे एकचतुर्थांश असते. पाचव्या वर्षापर्यंत ते सुमारे नऊदशांशावर जाते. या वाढीस पुरेसे अन्न लागते, तसेच मुलाशी बोलणारे व खेळणारे माणूसही लागते. म्हणून बालसंगोपन आणि बालशिक्षण हे दोन विषय नव्हेत. ती एकाच कार्याची दोन अंगे होत.

मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडले. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांना सहकार्य करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी पुढे ही पद्धती महाराष्ट्रात रुजविली. परंतु एक अडचण उरली. बालमंदिरे बहुधा शहरांत होती आणि त्यांची साधने महाग होती. ज्या मुलांस त्यांची सर्वांत अधिक गरज, ती मुले बाहेरच राहिली.

या अडचणीचा शोध घेण्यासाठी ताराबाईंनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, तरी गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. तेव्हा मुलांस वा पालकांस दोष न देता या दोघींनी बालवाडीच वस्तीतील अंगणात नेली. आरंभ हातपाय धुणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून होई. मग गाणी, गोष्टी आणि खेळ. विकतच्या साधनांची जागा शिंपले, खडे, बिया व पाने यांनी घेतली. लहानमोठे ओळखणे आणि मोजणे शिंपल्यांनीही तितकेच चांगले शिकता येते. ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला.

पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या प्रदेशात गेले. तेथे दुसरी गोष्ट ध्यानी आली. आईबाप मजुरीस जात. तान्हे भावंड थोरल्या बहिणीच्या कडेवर असे. ती शाळेत गेली तर तान्ह्याला सांभाळणार कोण? उपदेशाने हा प्रश्न सुटणारा नव्हता. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणण्यात आली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, अशी योजना होती. जी मुले गुरे राखीत, त्यांच्यासाठी कुरणावरच शाळा भरू लागली.

अशा शिक्षणाचा परिणाम किती काळ टिकतो? अमेरिकेतील इप्सिलांटी या गावी १९६२ पासून गरीब कुटुंबांतील १२३ मुलांवर एक अभ्यास झाला. मुलांचे दोन गट करण्यात आले. ५८ मुलांना शालापूर्व शिक्षण मिळाले, ६५ जणांना मिळाले नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला असता पहिल्या गटात माध्यमिक शिक्षण पुरे करणारे अधिक निघाले, आणि त्यांची कमाईही अधिक दिसली. मुलांची संख्या थोडी होती, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा सर्वत्र लावता येणार नाही. तथापि बालपणीचे संस्कार दूरवर पोहोचतात, एवढे त्यावरून दिसते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू केली. तिच्या केंद्रास अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. परंतु अंगणवाडी बहुधा काही तासच भरते. मजुरी करणाऱ्या आईचा दिवस त्याहून मोठा असतो. उरलेल्या वेळात तान्ह्यास कोण घेते, हा कोसबाडचा प्रश्न अजून पुष्कळ घरांत तसाच आहे. आपल्या गावातील अंगणवाडी पाहावयास जाल, तेव्हा आत बसलेली मुले मोजाच. पण वाटेत कडेवर भावंड घेऊन उभी असलेली मुलगी दिसली, तर तिलाही मोजण्यास विसरू नका.