बोर नदीच्या काठी

वर्ध्याहून नागपूरकडे जाताना वाटेत सेलू हे गाव लागते. वर्धा जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी एकाचे हे मुख्य ठिकाण. गावाजवळून बोर नदी वाहते.

याच वाटेने पुढे गेले की केळझर येते. महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच व भीमाने बकासुराला मारले ते येथेच, अशी लोकांची श्रद्धा आहे. येथील टेकडीवर गणपतीचे देऊळ आहे.

सेलूच्या उत्तरेस, हिंगणीपलीकडे, डोंगर सुरू होतात. तेथे नदीला आडवा मातीचा बांध घालण्यात आला. हे धरण १९६५ साली पुरे झाले. पूर्वी पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे पाणी तसेच निघून जाई. आता ते तळ्यात साठते आणि कालव्यांनी शेतांना मिळते.

या तळ्याभोवती साग व बांबूचे दाट रान आहे. १९७० साली ते अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. वाघ, बिबटे, अस्वले, सांबरे व चितळे येथे राहतात.

परंतु रानाच्या कडेला माणसेही राहतात. रानडुकरे उभे पीक तुडवतात. कधी वाघ गाय उचलतो. तेव्हा शेतकऱ्याचे दुःख खरे असते. मात्र रान तुटले तर डोंगराची माती वाहून येईल, तळे गाळाने भरेल व त्याच शेतकऱ्याचा कालवा आटेल. शेत आणि रान, दोघांचीही तहान एकच तळे भागवते. मग दोघांनाही राखण्याचा मार्ग शोधावयास नको काय?