पळसफुलांची सहल

जपानात वसंत ऋतूत चेरीची झाडे फुलली म्हणजे लहानथोर सारे ती पाहण्यास बाहेर पडतात. पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. म्हणून तेथील हवामान खात्याने खुणेची काही झाडे ठरविली आहेत. अशा झाडावर ५-६ फुले उमलली, की फुलोऱ्याला आरंभ झाल्याचे जाहीर होते.

तुळजापूरही वसंताच्या वैभवास पारखे नाही. हे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत वसले आहे. फाल्गुनाच्या सुमारास या भागात पळस फुलतो. पाने गळालेल्या फांद्या केशरी फुलांनी भरून जातात. फुलांतील मधासाठी साळुंक्या, बुलबुल व शिंजीर गर्दी करतात.

हा सोहळा कुटुंबासह पाहावयाचा, तर आधी तयारी हवी. वार्षिक परीक्षेनंतर जाऊ म्हटले, तर फुले झडून शेंगाच दिसावयाच्या. म्हणून मुलांनीही शाळेच्या वाटेवरचा एखादा पळस खुणेसाठी निवडावा व माघापासून त्याकडे रोज पाहावे. काळसर, मखमली कळ्यांतून पहिली फुले डोकावली, की वडीलधाऱ्यांना सांगून लगेचचा रविवार ठरवावा. ऊन चढण्यापूर्वी निघावे. पाणी व न्याहारी बरोबर घ्यावी.

रंगपंचमीसाठी झाडाखाली पडलेली फुले वेचावीत. ती पाण्यात उकळली म्हणजे केशरी रंग उतरतो. फांदीवरची फुले मात्र तोडू नयेत. त्यांच्यापासूनच शेंग धरते, शेंगेत बी तयार होते आणि त्या बीमधून उद्याचा पळस उगवतो.