ऊस, डबा आणि नवी पाटी

सातारा आणि सांगली ही आपली बाजाराची गावं. कचेरीचं काम असो, दवाखाना असो, बी-बियाणं घ्यायचं असो, आपल्याला तिथं जावंच लागतं. काम लांबतं. दुपार होते. भूक लागते. मग आपण एस.टी. स्टँडच्या बाहेर येतो आणि खायला काय मिळतं ते बघतो.

पूर्वी पाट्या ओळखीच्या असत. 'मिसळ', 'भजी', 'राइस प्लेट'. आता त्यांच्या शेजारी नव्या पाट्या आल्या आहेत. 'चायनीज'. 'शेजवान राइस'. 'मंचुरियन'. 'मोमो'. तुम्ही आता साक्षर झालात. ही अक्षरं तुम्हांला लागतात. पण अर्थ लागत नाही. मग माणूस बुजतो. "हे आपलं न्हवं," असं म्हणून पुढं जातो. नाहीतर न विचारता काहीतरी घेतो आणि मागून पस्तावतो.

दोन्ही नको. पाटी वाचावी, अर्थ समजून घ्यावा, आणि मग आपलं आपण ठरवावं. आज तेच शिकू.

आपलं कोणतं आणि परकं कोणतं?

ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा खर्डा. याहून आपलं जेवण कोणतं? पण जरा मागं जाऊन बघा.

ज्वारी मूळची आफ्रिका खंडातली. ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडं आली. मिरची अमेरिका खंडातली. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज लोकांनी ती जहाजातून आणली. त्याआधी आपल्याकडं तिखटासाठी मिरी, आलं, पिंपळी वापरत. खर्ड्यातला शेंगदाणासुद्धा अमेरिका खंडातलाच. चहा चीन देशातला. 'चहा' हा शब्दही तिथलाच. चिनी लोक चहाला 'चा' म्हणतात. इडली-डोसा उडपीकडच्या मंडळींनी गावोगाव नेला. एके काळी तोही आपल्या शहरांत नवाच होता.

म्हणजे काय झालं? आज जे आपलं, ते कधीतरी पाहुणं म्हणून आलं. आवडलं, परवडलं, म्हणून राहिलं.

उसाच्या मागं आलेले चिनी

चिनी माणसं आपल्या देशात कशी आली? ऐकून नवल वाटेल. ती उसाच्या मागं आली.

सन १७८० च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा बंगालमध्ये इंग्रजांचं राज्य होतं. वॉरन हेस्टिंग्ज हा त्यांचा मुख्य अधिकारी होता. अच्यू नावाच्या एका चिनी व्यापाऱ्याला त्यानं कलकत्त्याजवळ जमीन दिली. अच्यूनं तिथं ऊस लावला आणि साखरेचा कारखाना काढला. कामाला चीनमधून माणसं आणली. त्या गावाला आजही 'अचिपूर' म्हणतात. आपल्या सांगली-सातारच्या माणसाला यात परकं असं काय आहे? ऊस आणि कारखाना आपल्याही घरचाच.

पुढं आणखी चिनी लोक कलकत्त्याला आले. कुणी सुतारकी केली, कुणी चामडं कमावलं, कुणी खानावळ काढली. गिऱ्हाईक इथलं. त्याला तिखट आवडतं. मग त्यांनी आपल्या पदार्थांत आलं, लसूण, हिरवी मिरची जास्त घातली. असं एक नवंच जेवण तयार झालं. ते धड चिनीही नाही आणि धड हिंदीही नाही.

'मंचुरियन'चंच बघा. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा मुलूख आहे. पण हा पदार्थ तिथला नाही. तो आपल्या मुंबईचा. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वँग हे चिनी वंशाचे आचारी. सन १९७५ मध्ये त्यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात तो पहिल्यांदा केला, असं सांगतात. आलं-लसूण-मिरची आपल्यासारखीच घेतली. मात्र गरम मसाल्याऐवजी सोयाबीनचा खारट काळा रस घातला. त्याला सोया सॉस म्हणतात. पुढं कोंबडीच्या जागी कोबी आला आणि शाकाहारी मंचुरियन झालं. आज गाडीवर मिळतात ते बहुधा हेच कोबीचे गोळे.

'शेजवान' हा शब्द सिचुआन या चिनी प्रांताच्या नावावरून आला. तिथलं जेवण तिखट असतं. तिथं एक झणझणीत फळ मसाल्यात घालतात. आपल्या कोकणातलं तिरफळ हे त्याचंच भावंड. पण आपल्याकडची लाल शेजवान चटणी मुख्यतः सुकी मिरची आणि लसूण यांचीच असते.

'मोमो' आले तिबेट-नेपाळकडून. ही मैद्याची पारी असते. आत कोबी नाहीतर मांस भरतात आणि वाफेवर उकडतात. दिसायला आपल्या उकडीच्या मोदकासारखे. पण गोड नव्हे, तिखट.

हवाई बेटांवरचा डबा

उसाची अशीच एक गोष्ट फार लांबची आहे. पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटं आहेत. आज ती अमेरिकेचं एक राज्य आहेत. तिथं गोऱ्या मळेवाल्यांनी उसाचे मोठमोठे मळे केले. तोडणीला माणसं कमी पडू लागली. मग सन १८५२ पासून चीनमधून मजूर आणले. १८८५ पासून जपानमधून जहाजं भरून आली. शिवाय पोर्तुगाल, कोरिया, फिलिपाइन्स इथूनही माणसं आली.

आपल्याकडं दसरा-दिवाळी झाली की बीडकडची ऊसतोड मंडळी येतात. नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात. फडाजवळ कोप्या पडतात. पहाटे भाकरी थापायची, फडक्यात बांधायची आणि फडात जायचं. हवाईतही तसंच होतं. मजुरांच्या हातात पत्र्याचा दोन मजली डबा असे. खालच्या खणात भात, वरच्या खणात कालवण.

मळेवाल्यांनी प्रत्येक देशाच्या मजुरांची वस्ती वेगळी ठेवली होती. मजुरीही वेगळी दिली. हेतू हा, की त्यांनी एक होऊ नये. पण दुपारी बांधावर डबे उघडले की जपानी माणूस फिलिपिनो माणसाचं कालवण चाखी आणि आपलं त्याला देई. बोली कळत नव्हती, पण चव कळत होती. सन १९२० मध्ये ओआहू बेटावर जपानी आणि फिलिपिनो मजुरांनी मजुरीसाठी मिळून संप केला. नुसत्या डब्यानं संप होत नाही, हे खरं. पण ज्याच्या डब्यातलं आपण खातो, तो माणूस फार काळ परका राहत नाही.

त्या डब्यातून हवाईची खानावळ उभी राहिली. एकाच ताटात भात, जपानी किंवा कोरियन पद्धतीचं मांस आणि बाजूला गोऱ्यांचं सॅलड. त्यांची ती राइस प्लेटच म्हणा! त्यांचा आणखी एक पदार्थ म्हणजे 'पोके'. त्यात कच्च्या ताज्या माशाचे तुकडे मीठ लावून खातात. हल्ली पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून पोके भातावर घालून देतात. आणि जपानी मजुरांनी तिथं किसलेल्या बर्फावर रंगीत पाक घालून खायची रीत नेली. आपल्या जत्रेतला बर्फाचा गोळा तो दुसरा काय?

सन २०१६ मध्ये हवाईतला शेवटचा साखर कारखाना बंद पडला. ऊस गेला, पण ते ताट राहिलं.

दार सर्वांना उघडं

आपल्याकडं मात्र एका जागी बसून खाणं सोपं नव्हतं. हॉटेलात काहींचा कप वेगळा ठेवत. काहींना तर दाराच्या आतही घेत नसत.

शेजारच्या कोल्हापुरातली गोष्ट आहे. गंगाराम कांबळे हे दलित समाजातले गृहस्थ. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. लोक तिथं जाईनात. तेव्हा महाराज आपली गाडी दारात थांबवून चहा मागवीत. स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सन १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. तिथं सर्व जातींची मुलं एका पंगतीला जेवत.

२६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना लागू झाली. तिच्या पंधराव्या कलमात स्पष्ट सांगितलं आहे, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानात वा उपाहारगृहात जायला अडवता येणार नाही. तेव्हा आपले पैसे देऊन बाकड्यावर बसणं ही कुणाची मेहेरबानी नाही. तो आपला हक्क आहे.

पाटी कशी वाचावी?

समजा, एक आबा आणि त्यांची सून मिरजेच्या दवाखान्याहून परत निघाले आहेत. सांगलीत गाडीला वेळ आहे. आबा माळकरी. त्यांना रक्तदाबाचा त्रास. डॉक्टरांनी मीठ कमी खायला सांगितलं आहे. सून साक्षरता वर्गात वाचायला शिकली आहे. तिला समोर पाटी दिसते:

व्हेज नूडल्स – हाफ ५०, फुल ९०
एग राइस – हाफ ६०, फुल १००
व्हेज मोमो – ६ नग ५०

"आबा, हितं बसूया का?"

"आगं पर हे चायनीज म्हंजी काय आसतं? माज्या गळ्यात माळ हाय."

"थांबा, इचारते. दादा, ह्या व्हेज नूडल्स म्हणजे शेवयाच ना? कढई येगळी हाय का?"

गाडीवाला म्हणाला, "ताई, खोटं न्हाई बोलणार. कढई एकच. अंड्याचं आन् चिकनचंबी हितंच हुतं. मोमोचं पातेलं मात्र येगळं हाय. त्यात निस्ता कोबी-गाजर."

"आन् मीठ?"

"सारणात थोडं आसतं. सॉसमधी लई आसतं. आबांना चटणी-सॉस देऊ नगा."

सुनेनं मनात हिशेब केला. सहा मोमोंचे पन्नास रुपये. तिनं एकच प्लेट घेतली. वाफाळलेला मोमो तोंडात घालून आबा म्हणाले, "आगं, ह्यो तर तिखाट मोदक! पर गूळ-खोबऱ्याची सर न्हाई बघ."

आबांना तो फार आवडला असं नाही. पण माळ राखली, औषधपाणी राखलं, पैसे ठरवून दिले. हे सारं एका पाटीच्या वाचनानं आणि दोन प्रश्नांनी झालं.

खाण्यापूर्वी एवढं बघा

१. दर आधी वाचा. 'हाफ' म्हणजे अर्धी प्लेट, 'फुल' म्हणजे पूर्ण. दर लिहिलेला नसेल तर विचारा. खाल्ल्यावर वाद नको.

२. 'व्हेज' म्हणजे शाकाहारी. 'एग' म्हणजे अंडं. 'चिकन' म्हणजे कोंबडी. बंद पुडीवर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर तो माल शाकाहारी समजावा.

३. भात आजचा आहे का, ते विचारा. परतलेला भात पुष्कळदा आधी शिजवून ठेवलेल्या भाताचा करतात. असा भात तासन्‌तास उबेला राहिला की त्यात जंतू वाढतात. काही जंतूंचं विष पुन्हा परतलं तरी जात नाही. त्यानं उलट्या-जुलाब होतात.

४. डोळ्यांसमोर केलेलं, गरम गरम खा. तेल काळं झालेलं असेल, ताटल्या एकाच बादलीत बुचकळून काढत असतील, तर उठून जा.

५. सोया सॉस फार खारट असतो. रक्तदाब असणाऱ्यानं तो टाळावा.

६. खाण्याचा धंदा करणाऱ्याला, मग तो गाडीवाला असला तरी, सरकारकडं नोंदणी करावी लागते किंवा परवाना काढावा लागतो. सन २००६ चा तसा कायदा आहे. त्या कागदावर १४ आकडी क्रमांक असतो. तो कागद लोकांना दिसेल असा लावायचा असतो. तो शोधा. आकडे मोजा. खाणं खराब निघालं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करता येते.

नवीन खाल्लंच पाहिजे असं नाही. आपली भाकरी कुणाहून कमी नाही. पण घ्यायचं ते समजून घ्यावं आणि नाकारायचं तेही समजूनच नाकारावं. गाडीमागं उभा असलेला माणूस बहुधा आपल्यासारखाच पोटासाठी गाव सोडून आलेला असतो. त्याला गाव विचारा. त्याच्या हातचा पदार्थ कुठून आला, तेही विचारा. एक पाटी वाचली की एक मुलूख कळतो.

वाचा आणि सांगा

१. भाकरी आणि खर्डा यांतलं काय काय बाहेरच्या खंडांतून आलं?
२. अच्यूनं कलकत्त्याजवळ कसला कारखाना काढला?
३. हवाईतल्या मजुरांच्या वस्त्या वेगवेगळ्या का ठेवल्या होत्या?
४. सुनेनं गाडीवाल्याला कोणते दोन प्रश्न विचारले? ते का विचारले?
५. पुढच्या बाजाराच्या दिवशी तीन नव्या पाट्या वाचा. वहीत लिहून आणा. वर्गात त्यांचा अर्थ सर्वांनी मिळून लावा.