व्हिसाचे नियम आणि नांदेडची यात्रा

गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये जेथे देह ठेविला, त्या नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनास परदेशस्थ शीख कुटुंबेही येतात. देशप्रवेशाचे नियम कडक झाले म्हणजे अशा प्रवाशांचे बेत कसे बदलतात, हे २०२३ च्या उदाहरणावरून ध्यानात यावे. २१ सप्टेंबर रोजी भारताने कॅनडाच्या नागरिकांना नवे व्हिसा देणे थांबविले. २६ ऑक्टोबरपासून काही प्रकारचे व्हिसा पुन्हा मिळू लागले. ई-व्हिसा मात्र २२ नोव्हेंबरला सुरू झाला. तोवर दसऱ्याची हल्लाबोल मिरवणूक आणि दिवाळी उलटून गेली होती.

ओसीआय कार्ड वा आधीचा वैध व्हिसा असणाऱ्यांना मज्जाव नव्हता. परंतु यात्रा ही बहुधा कुटुंबाची असते. आजोबांपाशी कार्ड आहे आणि नातवापाशी नाही, एवढ्यानेही सर्वांचे प्रस्थान अडते. केवळ सहलीस निघालेला प्रवासी अशा वेळी दुसरा देश निवडील. भाविकाला दुसरे हुजूर साहिब कोठून मिळणार? तो यात्रा पुढे ढकलतो. मात्र सणाची सुट्टी हुकल्यावर हाती दिवस थोडे उरतात. मग दर्शन घेऊन परतणे आले. कंधारचा किल्ला आणि लातूर जिल्ह्यातील खरोसा लेणी पाहणे राहूनच जाते.