कायदेमंडळाच्या अधिकाराची मर्यादा

लोकांनीं निवडलेल्या सभेस बहुमताच्या जोरावर वाटेल तें करितां येतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो कितपत खरा, हें आपल्याच राज्यांतील एका उदाहरणावरून पाहूं.

ता. 5 जुलै 2021 रोजीं महाराष्ट्र विधानसभेनें गैरवर्तनाच्या आरोपावरून विरोधी पक्षाच्या 12 सभासदांस एक वर्ष निलंबित केलें. केवळ रीतींतील उणिवेवरून न्यायालयानें सभागृहाच्या कामकाजांत लक्ष घालूं नये, असें घटनेचें 212 वें कलम सांगतें. आणि तें योग्यच आहे. परंतु रीतीची चूक निराळी व अधिकाराचा अतिक्रम निराळा. चालू अधिवेशनापलीकडचें निलंबन घटनाबाह्य ठरवून सर्वोच्च न्यायालयानें ता. 28 जानेवारी 2022 रोजीं तो ठराव रद्द केला.

त्यांतील एक मुद्दा आम्हांस विशेष मननीय वाटतो. सभासदास काढूनच टाकलें, तर सामान्यतः सहा महिन्यांत पोटनिवडणूक होते. वर्षभराच्या निलंबनांत जागा रिकामी होत नाहीं व भरतही नाहीं. आमच्या शेळगावचे आमदार त्या बारांत नव्हते. पण असते, तर येथील कालव्याच्या पाण्याविषयीं सभागृहांत वर्षभर कोण बोलतें? शिक्षा सभासदास, आणि भोगणार मतदारसंघ!

अमेरिकेंतही असेंच घडलें होतें. 1967 सालीं प्रतिनिधिसभेनें न्यूयॉर्कमधील हार्लेमचे ॲडम क्लेटन पॉवेल ह्यांस पैशाच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून आसन नाकारलें. वय, नागरिकत्व व निवास ह्या घटनेच्या अटी ते पुऱ्या करीत असतां सभेस तसें करितां येत नाहीं, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें 1969 मध्यें ठरविलें. हार्लेमकरांनीं मात्र निकालाची वाट पाहिली नाहीं; 1967 च्या पोटनिवडणुकींत व पुन्हां 1968 मध्यें त्यांनीं पॉवेल ह्यांसच निवडून दिलें.