‘सर्व स्थितीत’ म्हणजे नेमकं काय?

आजचं वचन : १ थेस्सलनीकाकरांस ५:१६-१८



आजचं वचन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. संडे स्कूलमध्ये पाठांतराला हे हमखास असतं, कारण ते लहान आहे. मूळ ग्रीकमध्ये सोळावं वचन फक्त दोन शब्दांचं आहे आणि सतरावंही दोनच शब्दांचं. पौल तीन गोष्टी सांगतो : आनंदात राहा, प्रार्थना थांबू देऊ नका, परिस्थिती कुठलीही असो देवाचे उपकार आठवा. आणि मग म्हणतो की ख्रिस्त येशूमध्ये देवाला तुमच्याकडून हेच हवं आहे.

पाठ करायला सोपं आहे. दुसऱ्याला ऐकवायला तर त्याहून सोपं आहे, आणि गडबड तिथेच होते.

आमच्या युवक संगतीतल्या एका बहिणीचे वडील मागच्या वर्षी प्रभूकडे गेले. तीन आठवडे आयसीयूमध्ये होते. दफनविधीच्या दिवशीच कुणीतरी तिला म्हणालं, “रडू नकोस. सर्व स्थितीत उपकारस्तुती करायची असते. प्रभूचे आभार मान.” बोलणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण दोन महिन्यांनी तिचा मला मेसेज आला : “दादा, पप्पा गेले याबद्दल मी देवाला थँक्यू म्हणू शकत नाही. खोटं बोलल्यासारखं वाटतं. म्हणून मी प्रार्थनाच बंद केली आहे.”

जरा विचार करा. अठराव्या वचनामुळे एका मुलीची प्रार्थना बंद पडली, आणि सतरावं वचन तर प्रार्थना बंद करू नका असं सांगतं. म्हणजे अर्थ तिच्यापर्यंत पोचताना कुठेतरी बदलला. तो मूळ अर्थ काय आहे, हे आज पाहू या.

हे पत्र कुणाला लिहिलं?

थेस्सलनीका हे मासेदोनियातलं मोठं बंदर आणि त्या प्रांताची राजधानी. रोमी लोकांचा मोठा हमरस्ता या शहरातून जात होता. म्हणजे व्यापार, गर्दी, बाहेरून आलेले लोक, आपल्या मुंबई-पुण्यासारखंच. पौल आणि सीला तिथे आले तेव्हा त्यांच्या अंगावर फिलिप्पैमध्ये खाल्लेल्या फटक्यांचे वळ ताजे होते. प्रेषितांची कृत्ये १७ वाचा. तीन शब्बाथ पौलाने सभास्थानात शास्त्रातून वाद केला, काहींनी विश्वास ठेवला, आणि मग शहरात दंगल झाली. जमाव यासोनाच्या घरावर चालून गेला. पौल सापडला नाही म्हणून यासोनालाच अधिकाऱ्यांपुढे ओढत नेलं आणि जामीन घेऊन सोडलं. त्याच रात्री विश्वासणाऱ्यांनी पौलाला बिरुयाला पाठवून दिलं.

मागे राहिली नवीकोरी मंडळी. शेजारी विरोधात, आणि शिकवणारा माणूस रातोरात निघून गेलेला. पौलाला इतकी काळजी लागली की न राहवून त्याने तीमथ्याला त्यांची खबर घ्यायला पाठवलं (३:१-५). तीमथ्य चांगली बातमी घेऊन परत आला, तेव्हा पौलाने हे पत्र लिहिलं. साधारण इ.स. ५०-५१ मध्ये, करिंथ शहरातून.

आणखी एक गोष्ट. चौथ्या अध्यायावरून कळतं की या मंडळीतली काही माणसं मरण पावली होती आणि बाकीचे त्यांच्यासाठी शोक करत होते. पौल त्यांना रडू नका असं म्हणत नाही. तो म्हणतो, ज्यांना आशाच नाही त्यांच्यासारखा शोक करू नका (४:१३). शोक आहे, पण त्याला आशेची सोबत आहे. म्हणजे आजचं वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांच्यातही नुकतीच कुणालातरी माती देऊन आलेली घरं होती.

‘मध्ये’ आणि ‘बद्दल’

आता अठरावं वचन नीट बघा. पौल ‘सर्व स्थितीत’ म्हणतो. ग्रीकमध्येही तिथे ‘मध्ये’ या अर्थाचा शब्द आहे. प्रत्येक परिस्थितीच्या आत असताना देवाचे उपकार आठवायचे आहेत. प्रत्येक परिस्थिती बद्दल आभार माना, असं या वचनात लिहिलेलं नाही.

कॅन्सरमध्ये असताना देवाचे आभार मानता येतात. कॅन्सर दिल्याबद्दल आभार मानणं ही वेगळीच गोष्ट आहे. १ करिंथ १५:२६ मध्ये पौल मरणाला शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. शत्रू घरात शिरला याबद्दल कुणी पेढे वाटत नाही.

कुणी विचारेल, मग इफिस ५:२० चं काय? तिथे तर पौल ‘सर्व गोष्टींबद्दल’ म्हणतो. बरोबर आहे. पण त्याच अध्यायात, अकराव्या वचनात, तो अंधाराच्या कामांत सहभागी होऊ नका, ती उघडी पाडा असंही सांगतो. तेव्हा जे वाईट आहे त्याला चांगलं म्हणा, असा त्याचा अर्थ होऊच शकत नाही.

आपला मराठी शब्दही इथे मदत करतो. ‘उपकारस्तुती’ म्हणजे उपकाराची स्तुती. आधी उपकार दिसायला हवा, मग स्तुती. म्हणून अंधारात असताना आपला शोध हाच असतो : इथे देवाने काय केलं आहे? या आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर त्याचा उपकार कुठे आहे? रात्री अडीच वाजता रक्त द्यायला आलेला कॉलेजचा मित्र? वडिलांबरोबर मिळालेली सव्वीस वर्षं?

लाजराच्या कबरेपाशी

हे सगळं सर्वात स्पष्ट कुठे दिसतं, तर योहान ११ मध्ये. लाजर मरून चार दिवस झाले आहेत. येशू काय करणार आहे हे त्याला स्वतःला माहीत आहे. तरी ३५ व्या वचनात तो रडतो. आणि ४१ व्या वचनात, धोंड बाजूला केल्यावर, वर पाहून पित्याचे आभार मानतो.

रडणं आणि आभार, दोन्ही एकाच कबरेपाशी, मध्ये फक्त पाच वचनं. आणि आभार कशाबद्दल? लाजर मेला याबद्दल नाही. पित्याने माझं ऐकलं, याबद्दल.

पुढे एका रात्री येशूच्या जवळच्याच माणसाने त्याला शत्रूच्या हाती दिलं. त्याच रात्री त्याने भाकर हातात घेतली आणि आभार मानून मोडली (१ करिंथ ११:२३-२४). प्रत्येक प्रभुभोजनात आपण हेच आठवतो. विश्वासघाताबद्दल त्याने आभार मानले नाहीत, पण विश्वासघाताच्या रात्री मानले.

त्या बहिणीला मी हीच दोन ठिकाणं पाठवली आणि लिहिलं, “पप्पा गेले याबद्दल आभार मानू नकोस. ते तुझ्याकडून कुणी मागितलेलं नाही.” तीन दिवसांनी तिचं उत्तर आलं : “मग रडत रडत प्रार्थना केली तर चालेल ना?”

चालेल. स्तोत्र १३ मध्ये दाविदाने पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा विचारलं आहे की आणखी किती काळ? ती तक्रारसुद्धा प्रार्थनाच आहे, कारण ती देवापुढेच केली आहे.

आनंद निवडता येतो का?

‘आनंदात राहा’ ही आज्ञा आहे. आता भावनेला आज्ञा कशी देणार? ‘आत्ता खूश हो’ असं म्हटल्याने कुणी खूश होत नाही. पण लक्ष कुठे द्यायचं, आपला भार कशावर टाकायचा, हे ठरवता येतं. निवड तिथे आहे.

लूक १० मध्ये शिष्य मोहिमेवरून परत येतात ते जबरदस्त रिझल्ट घेऊन. भुतंसुद्धा आमचं ऐकतात, म्हणून ते आनंदात आहेत. येशू त्यांना म्हणतो, यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत यात आनंद माना (१०:२०). रिझल्ट चांगला असतानाच त्याने हे सांगितलं! कारण रिझल्टवर टेकलेला आनंद पुढच्या क्वार्टरला कोसळतो.

आयटीत असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मागच्या वर्षी आमच्या टीममधले चार जण एका आठवड्यात कमी झाले. कॅलेंडरवर एचआरचं पंधरा मिनिटांचं इन्व्हाइट दिसलं की पोटात गोळा यायचा. घराचा हप्ता, मुलीची शाळा, सगळं डोळ्यांपुढे यायचं. तेव्हा आनंद निवडणं म्हणजे ‘काही होत नाही’ असं हसून म्हणणं नव्हतं. होऊ शकत होतं. पण गळ्यातलं आयडी कार्ड उद्या काढून घेतलं, तरी दुसरीकडे लिहिलेलं नाव कुणी खोडू शकत नाही, हे रोज सकाळी स्वतःला सांगणं एवढंच हातात होतं. आणि जे गेले त्यांना फोन करणं.

आपल्या महाराष्ट्रातलं एक नाव इथे आठवतं, पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, पती गेले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः. या सगळ्या मधल्या काळात त्यांनी केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तेव्हा देवाकडून जे मिळालं त्याला शीर्षकातच कधीही न संपणारा ठेवा म्हटलं. एवढी माणसं गमावलेल्या बाईने निवडलेला हा शब्द आहे. आनंद कशावर टेकवायचा हे यातून कळतं.

न थांबणारी प्रार्थना

चोवीस तास गुडघ्यांवर? नाही. पौल याच पत्रात सांगतो की कुणावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं (२:९). तो तंबू शिवायचा. तरी त्याच पत्रात तो म्हणतो की आम्ही तुमची आठवण सतत करतो. म्हणजे हातात सुई आणि मनात मंडळी.

नहेम्याचं बघा. राजापुढे उभा आहे, राजाने विचारलं, तुला काय हवं? प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये त्याने प्रार्थना केली (नहेम्या २:४). एका श्वासाएवढी! पण त्याआधी त्याने कित्येक दिवस उपास आणि प्रार्थना केली होती, हेही पहिल्या अध्यायात आहे. निवांत वेळची प्रार्थना असेल, तरच घाईतली ओठांवर येते.

आधी चौदावं वचन

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. या तिन्ही आज्ञा ग्रीकमध्ये अनेकवचनी आहेत. हे पत्र सगळ्या बांधवांना वाचून दाखवा, असं पौल २७ व्या वचनात बजावतो. म्हणजे ही आज्ञा एकट्या माणसाने एकट्याने ओढायची नाही. ज्या आठवड्यात माझ्या तोंडून गीत फुटत नाही, त्या आठवड्यात शेजारचा गातो आणि मी त्याच्या बाजूला नुसता उभा राहतो. तीही उपासनाच आहे.

आणि क्रम बघा. अठराव्या वचनाच्या आधी चौदावं येतं. तिथे पौल सांगतो : ज्यांचा धीर सुटला आहे त्यांना धीर द्या, दुर्बळांना आधार द्या, सगळ्यांशी सबुरीने वागा. दुःखात असलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा अठरावं ऐकवतो आणि चौदावं विसरतो. डबा घेऊन जा, हॉस्पिटलची लाईन लावा, शेजारी गप्प बसा. आभाराचं वचन त्याला पवित्र आत्मा योग्य वेळी आठवण करून देईल.

आज करून बघा

१. रात्री झोपण्याआधी वहीत दोन ओळी लिहा. पहिली : आज काय दुखलं. दुसरी : त्यात देवाचा कोणता उपकार दिसला. पहिली ओळ गाळू नका. दुसरी सुचली नाही, तर तसंच देवाला सांगा.

२. दिवसातली एक ठरलेली रिकामी जागा प्रार्थनेला द्या. लोकलचा एक टप्पा, बिल्ड होईपर्यंतचा वेळ, चहाचं पाणी उकळेपर्यंतचा वेळ. रोज तीच जागा.

३. आपल्या संगतीत सध्या कुणाचा धीर सुटला आहे? वचनाचं फॉरवर्ड न पाठवता आज त्याला फोन करा.

प्रार्थना

प्रभू येशू, तू कबरेपाशी रडलास आणि तिथेच पित्याचे आभार मानलेस. आम्हालाही तुझ्यापुढे खरं राहायला शिकव. जे दुखतं ते लपवू नये, आणि तू जे दिलंस ते विसरू नये. ज्यांची प्रार्थना आज बंद पडली आहे, त्यांच्या वतीने आम्ही तुझ्यापुढे येतो. त्यांचा हात धर, आणि आम्हाला त्यांच्या दारापर्यंत पाठव. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.