पेयाची निवड : घामाचा हिशेब



व्यायामाच्या वेळी काय प्यावे, हे बाटलीवरच्या नावावरून न ठरवता अंगातून काय गेले यावरून ठरवावे, एवढेच या पत्राचे सार आहे. १९१४ पासून चालत आलेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर शिकणाऱ्याने तर हे पक्के ध्यानात ठेवावे. कारण वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि कोरड्या हवेत घाम अंगावरच उडून जात असल्याने किती पाणी गेले, याचा अदमास नुसत्या नजरेने लागत नाही. त्यासाठी व्यायामापूर्वी व नंतर अंग कोरडे करून वजन करावे. एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी, आणि मध्ये जे प्यायले ते त्यात मिळवले की घामाची बेरीज हाती येते. साठ किलोच्या मुलाचे वजन सव्वा किलोहून अधिक, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांपलीकडे, घटू लागले की दमसास कमी पडू लागतो.

तासाभराच्या मेहनतीला माठातले साधे पाणी पुरते. त्याहून दीर्घ सरावात मात्र घामावाटे सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य क्षार, बराच जातो. लहान आतड्याच्या अस्तरातील एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीने आत घेते व पाणी त्यांच्यामागे जाते. याच तत्त्वावरचे क्षारसंजीवनीचे (ओआरएस) द्रावण १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या रोग्यांसाठी वापरले. ते अतिसारासाठी बेतलेले असल्याने खेळाडूला रोज लागत नाही. लिटरभर पाण्यात लिंबू, पाव चहाचा चमचा मीठ आणि चाळीस ते साठ ग्रॅम साखर घातलेले सरबत लांब सरावाला पुरेसे होते. साखर आठ टक्क्यांच्या वर गेली की पेय पोटात रेंगाळते, म्हणून उसाचा किंवा वरुड-मोर्शीच्या संत्र्यांचा रस मैदानावर न पिता सराव आटोपल्यावर घ्यावा. खारे ताकही तेव्हाच बरे. दुकानातील गोड पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, यावरून नाव आणि घटक यांतले अंतर कळावे.

अकोल्याकडच्या मुलाने आणखी एक समजूत सोडावी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट लागते, म्हणून घामाची भरपाई त्यानेच होते असे मानणे चूक आहे. त्या पाण्यातील क्षारांचे प्रमाण ठरलेले नसते आणि असे पाणी सतत पिणे प्रकृतीस अपायकारक ठरू शकते. सरबतालाही गोडे पाणीच घ्यावे.

पाण्याची भीती जशी नसावी, तशी हावही नसावी. घामाहून जास्त पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम पातळ होऊन डोके दुखते, मळमळते, प्रसंगी झटके येतात; तेव्हा तहान लागेल तसे घोट घोट प्यावे आणि सरावानंतर वजन वाढलेले आढळल्यास दुसऱ्या दिवशी पिणे कमी करावे. आठवडाभर अशी नोंद वहीत ठेवून ती प्रशिक्षकांना दाखवावी, म्हणजे स्वतःचे प्रमाण स्वतःस कळेल.